काळ्या पडद्यावरचा डबा

“बोट काय दाखवायलाव? तोंडानं सांगा की!”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं बोट एका लोखंडी ब्रॅकेटच्या भोकावर होतं. भोक दोन मिलिमीटर डावीकडे सरकलं होतं. मी नव्यानंच कामाला लागले होते आणि चुकीवर बोट ठेवलं की आपलं काम संपलं, अशी माझी समजूत होती. वर्कशॉपमधल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ब्रॅकेट सोडून माझं बोटच नीट तपासलं.

“भोक. डावीकडं. दोन मिलिमीटर. आसं सांगायचं. बोटाला काय कळतंय?”

मला रागच आला. पहिल्याच आठवड्यात कुणी आपल्या बोटाचा अपमान करावा हे काही मला पटलं नाही. पण नंतर पाहिलं तर काका सगळ्यांनाच तसं बोलायचे. गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीवर कुणी नुसतं मिरचीकडे बोट केलं, तरी मागून आवाज यायचा, “तोंडानं सांगा की, मिरची पाहिजे म्हणून!” गाडीवाला बिचारा मिरची हातात धरून थांबायचा, गिऱ्हाईक तोंडानं सांगेपर्यंत.

आमचं वर्कशॉप चिखलीत. पत्र्याची शेड, चार प्रेस, दोन वेल्डिंगची स्टेशनं आणि एक पंखा, जो फक्त शेठच्या टेबलाला वारा घालतो. पत्रा दाबायचा, वेल्ड करायचा, त्याचे ब्रॅकेट बनवायचे आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीला पाठवायचे. मी तिथं क्वालिटीला. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढायची. स्वभावाला शोभेल असं काम मिळालं, असं माझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

काका कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी ‘क्वालिटी’. वेल्डिंगवाले ‘वेल्डिंग’. गाडी भरणारा ‘डिस्पॅच’. शेठ समोर नसले की ‘मॅनेजमेंट’. त्यांनी मला “ओ क्वालिटी, इकडं या,” म्हटलं की पाहुण्यांना वाटायचं, काका मालाचा दर्जा वाढवायला बोलावतायत.

ते मूळचे लातूरकडचे. तीस वर्षं इकडे काढली, पण बोलणं गावाकडचंच ठेवलं. आमच्याकडे येण्याआधी एका कंपनीत सीएनसी मशिनवर होते. त्या मशिनला काय कापायचं, कुठं कापायचं, ते सगळं अक्षरं आणि आकडे लिहून सांगावं लागतं. “त्या मशिनला बोट दाखवलं तर ती बोटच कापती,” असं ते म्हणायचे. मग ती कंपनी बंद पडली आणि काही महिन्यांनी काका आमच्या शेडमध्ये आले. मशिनची देखभाल, ड्रॉइंग सांभाळणं, बिघडलेलं काहीही दुरुस्त करणं, ही त्यांची कामं.

आणि लॅपटॉप.

हा लॅपटॉप तुम्ही पाहिला असता तर पायानं बाजूला सारला असता. पाटावरवंट्याइतका जड. बिजागरी तुटलेली, म्हणून पाठीला आमच्याच रिजेक्ट मालातला एक ब्रॅकेट लावून उभा केलेला. बॅटरी कधीच मेलेली. एका बटणाची टोपी उडाली होती, तिथं काकांनी छोटा नट चिकटवला होता. तो चालू करून शेठ चहा प्यायला जायचे, चहा पिऊन यायचे, तरी पडद्यावर एक गोल आपला फिरतोच आहे.

एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, काकांनी तो घरी नेला. शुक्रवारी परत आणला तेव्हा पडदा काळा होता. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, बाकी काही नाही. बाण नाही, चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, माउसला तर जागाच नाही.

शेठ चिखलीचेच, जुन्या घरातले. ते वाकून बघत म्हणाले, “आवो काका, ह्यो मेला का काय?”

“मेला न्हाई. हलका झाला. वरची सगळी सजावट काढली.” काकांनी लिनक्स नावाची फुकटात मिळणारी सिस्टिम त्यात घातली होती, तीही नुसती अक्षरांची. “आता ह्याला बोट दाखवायचं न्हाई. टाइप करून सांगायचं. मग ऐकतो.”

“आन् फोटो? चाकणवाल्यांनी फोटो लावाय सांगितल्यात.”

“दाखवंल की.”

गंमत अशी की, दाखवला खरा, पण पहिला प्रयोग काकांनी खंडेनवमीला केला. मशिनची पूजा झालेली, सगळे जमलेले, पेढे वाटून झालेले. त्यांना कुठून तरी एक युक्ती मिळाली होती, ज्यात फोटो अक्षरांतून काढला जातो. त्यांनी शेठचा फोटो घेतला, काहीतरी टाइप केलं आणि काळ्या पडद्यावर वरून खाली शेठ उतरायला लागले. केसांच्या जागी टक्क्याची चिन्हं. मिशीच्या जागी हॅश, ओळीनं अकरा. नाकाच्या जागी एक भलंमोठं ॲट-द-रेट.

“हे कोन?” शेठनी विचारलं.

“तुमी.”

शेठ बराच वेळ स्वतःच्या नाकाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मिशी बरी आलीय.”

पुढच्या गुरुवारनंतर मात्र खरा फोटो आला. काकांना एक तीन अक्षरी कमांड सापडली होती. ती टाइप करायची, पुढे फोटोचं नाव लिहायचं, की तो पडदाभर उघडायचा. वर पट्टी नाही, खाली बटणं नाहीत, नुसता फोटो, काठापासून काठापर्यंत. स्पेस दाबली की पुढचा, क्यू दाबलं की पुन्हा काळोख. चहा प्यायला जाण्याइतका वेळच मिळायचा नाही. मी मनात म्हटलं, म्हातारा वाटतो तेवढा येडा नाही.

फक्त सगळे फोटो आडवे यायचे. वर्कशॉपचा कॅमेरा काका उभा धरायचे आणि हा लॅपटॉप ते काही समजून घ्यायचा नाही. मी सांगितलं, काका, फोटो आडवा आहे. ते म्हणाले, “पार्ट सरळच हाय. तुमी मान वाकडी करा.” आणि दोन दिवस स्टेशन दोनवरचे सगळे वेल्डर मान खांद्याला टेकवून ब्रॅकेट बघत होते. बाहेरून कुणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथं सगळ्यांची एकदमच मान धरलीय. तिसऱ्या दिवशी काकांना फोटो फिरवायचं बटण सापडलं. पण मान वाकडी करायची सवय काही लोकांची अजून गेलेली नाही.

तर, लॅपटॉपचं काम असं. चांगला ब्रॅकेट कसा दिसतो आणि वाईट कसा, याचे फोटो काम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवेत, असा चाकणच्या कंपनीचा नियम. चांगला म्हणजे ओके. वाईट म्हणजे एनजी, ‘नॉट गुड’. आमच्या पट्ट्यात जन्मलेल्या पोरांना ही दोन अक्षरं मुळाक्षरांच्या आधी येत असतील. काकांनी दोन फोल्डर केले, ओके आणि एनजी, आणि फोटो आपोआप पुढे सरकत राहतील अशी सोय केली.

आता त्या कॅमेऱ्यातून काका आणखी एक फोटो काढायचे, हे मला जरा उशिरा कळलं. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते डबा उघडायचे आणि एक फोटो घ्यायचे. जेवायचे. मग रिकाम्या डब्याचा दुसरा फोटो घ्यायचे. मला वाटलं, वयानं होतं असं कधीकधी.

“काका, हे काय?”

“रिपोर्ट हाय. घरी फायनल इन्स्पेक्शन असतंय.”

काकांना साखर होती. वेळेवर आणि पूर्ण जेवलं पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकू रोज डबा द्यायच्या आणि काका कामाच्या नादात अर्धा परत न्यायचे, किंवा त्याहून वाईट, वाटेत कुणाला तरी देऊन रिकामा न्यायचे. काकूंनी एकदा पकडलं. तेव्हापासून पुरावा. आणि इतकी वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसानं डब्यांचेही फोल्डर काय केले असतील? ओके आणि एनजी. संपवलेला डबा ओके, शिल्लक राहिलेला एनजी. तिसरं काही नसतंच म्हणायचे.

काकांचा फोन बटणांचा होता. म्हणून दर बुधवारी संध्याकाळी ते लॅपटॉप ब्रॅकेटसकट पिशवीत घालून बसनं काळेवाडीच्या घरी न्यायचे आणि गुरुवारी काकूंपुढे आठवड्याचे डबे मांडायचे.

एका गुरुवारी मी हा सोहळा डोळ्यांनी पाहिला. काकूंनी जेवायला बोलावलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. स्टुलावर लॅपटॉप, समोर काकू मांडी घालून, बाजूला काका उभे. अहो, खरंच उभे! आमच्याकडे ऑडिट असलं की मी उभी राहते तसे.

“ही भेंडी का उरली?”

“शेठनं बोलवलं व्हतं.”

“शेठला सांगायचं, भेंडी चालू हाय म्हणून. नेक्स.”

काकांनी स्पेस दाबली.

“थांबा. मागं घ्या. त्या कोपऱ्यात काय हाय?”

“कढीपत्ता.”

“कढीपत्ता चालतो. नेक्स.”

मला हसू आवरेना. तोंडात घास होता, ठसका लागला, काकूंनी पाणी दिलं आणि माझ्याही ताटात डोकावून घेतलं. मी निमूटपणे वांगं संपवलं.

निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. एकदम हळू आवाजात म्हणाल्या, “पोरी, कंपनी बंद झाली तवा हे चार महिने घरी बसले. भिंतीकडं तोंड करून बसायचे. ताट वाढलं की म्हणायचे, भूक न्हाई. साखर कुठल्या कुठं गेली. कामावर जायलेत तवापासून जेवायलेत. तू तिथं हाईस, तर बघ जरा.”

मी “हो काकू” म्हणाले आणि जिना उतरले. काय बघायचं ते तेव्हा काही डोक्यात शिरलं नाही. महिन्याभरानं शिरलं.

चाकणचं ऑडिट ठरलं. शेठनी शेडमधून एक चक्कर मारली, लॅपटॉपपुढे थांबले आणि म्हणाले, “त्यांच्यापुढं ह्यो काळा डबा ठेवायचा? लाज जाईल. मोठा टीव्ही लावू. टीव्ही सांभाळाय एखादा नवा शिकलेला मानूस घिऊ. काका, तुमचं बी वय झालंय. आता आराम करा.”

काका चष्मा पुसत राहिले. मला भिंतीकडे तोंड करून बसलेले काका दिसायला लागले आणि माझी जीभ सुटली.

“शेठ, आधी ऑडिट होऊ द्या. या लॅपटॉपवर पास झालो तर काका राहतील.”

“आन् नापास झालो तर?”

“तर लावा टीव्ही!”

बोलून तर गेले. मग लक्षात आलं की पणाला माझं काहीच लागलेलं नाही, लागलंय ते काकांचं. माझ्या आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं नुसतं कपाळाला हात लावला.

मग आम्ही कंबर कसली. फोटो नवे काढले, फिरवून सरळ केले, लॅपटॉपवरची धूळ पुसली, नटसुद्धा घासून चमकवला. आदल्या दिवशी मी काकांना बजावलं, “काका, ऑडिटरला सगळे ओके फोटो दिसले पाहिजेत. आणि मग सगळे एनजी. एकही सुटता कामा नये.”

“सगळे?”

“सगळे म्हणजे सगळे!”

“बरं,” काका म्हणाले. “सांगितलंत ते बरं केलं.”

ऑडिटर एक तरुण बाई होत्या. बारीक काड्यांचा चष्मा, हातात पॅड, आणि हसू बहुतेक घरी ठेवून आलेल्या. स्टेशन दोनवर त्या लॅपटॉपपुढे उभ्या राहिल्या. काकांनी टाइप केलं, एंटर मारलं. पहिला ओके ब्रॅकेट आला, काठापासून काठापर्यंत. दुसरा आला. तिसरा. बाईंनी मान हलवली. माझा जीव भांड्यात पडत होता.

चौथा फोटो आला तो गोल, चकचकीत आणि आतून पुसून काढलेला.

“हा कुठला पार्ट?” बाईंनी विचारलं.

शेठ एकदम पंख्याकडे बघायला लागले. माझ्या लक्षात आलंच. मी सगळे सांगितले होते आणि काकांनी लॅपटॉपला सगळे सांगितले होते. कुठल्याही फोल्डरमधले असोत, सगळे ओके. आणि तो मेला लॅपटॉप, सांगितलेलं शब्दशः ऐकणारा!

“डबा,” काका म्हणाले. “माझा हाय, मॅडम.”

बाई म्हणाल्या, “ओके कशावरून?”

“काहीच शिल्लक न्हाई. दोन पोळ्या, मेथी, वरण. सगळं संपलं.”

“चेक कोण करतं?”

“रोज मी. गुरवारी आमची मंडळी.”

“म्हणजे ऑपरेटर स्वतः आणि नंतर स्वतंत्र तपासणी,” असं पुटपुटत बाईंनी चक्क पॅडवर लिहून घेतलं. मला वाटलं, संपलं. टीव्ही आला.

डबे येत राहिले. पंधरा, वीस, पंचवीस. मग एनजी सुरू झाले. उडालेलं वेल्ड, सरकलेलं भोक, आणि मग एक डबा, ज्यात अर्धी दुधीची भाजी तशीच होती.

“हा एनजी का?”

“दुधी उरला.”

“कारण?”

“दुधी.”

“दुधी हे कारण होऊ शकत नाही.”

काकांनी विचार केला. तुम्ही म्हणाल, नोकरी जायची वेळ आलीय आणि हा माणूस दुधीचा विचार करतोय. पण करत होते, अगदी मनापासून.

“मग आसं लिहा मॅडम. मला दुधी आवडत न्हाई, आणि मी तसं घरी सांगितलं न्हाई. तीस वर्षं.”

“उपाय?”

“सांगितलं.”

“आणि?”

“आता त्याचं थालीपीठ करती. पुढं बघा, परत दुधी उरलेला दिसणार न्हाई.” आणि त्यांनी स्पेस दाबत दाबत शेवटपर्यंत नेलं. दिसला नाही.

बाईंनी माझ्याकडे वळून वेल्ड तपासणीची वही मागितली. मी दिली. त्यांनी पानं उलटली. चार दिवस कोरे होते. मी तेव्हा मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते आणि नोंद करायला कुणालाच सांगितलं नव्हतं. तोंडानं.

“डब्याची नोंद एकही दिवस चुकलेली नाही,” बाई म्हणाल्या. “वेल्डची चार दिवस कोरी आहे. यातली क्वालिटी कुणाची म्हणायची?”

माझं तोंड इतकं लाल झालं की वेल्डिंगवाल्यांनी ते आठवडाभर आठवून दाखवलं.

आणि तरीही आम्ही पास झालो! दोन सूचनांवर. एक, वेल्डची नोंद रोज ठेवावी. दोन, डब्यांचे फोटो पार्टच्या फोटोंमधून वेगळे ठेवावेत. असं छापील कागदावर, सहीशिक्क्यासकट. शेठनी तो कागद तीनदा वाचला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, ऱ्हावा. पर डबा येगळा ठेवा.”

गाडीत बसताना बाईंनी काच खाली केली. आजूबाजूला कुणी नाहीसं बघून म्हणाल्या, “थालीपिठात दुधी किसून घालतात का?”

“मंडळीला इचारून सांगतो,” काका म्हणाले.

त्यानंतर काका वर्षभर तरी राहिले. जेवत होते, ओरडत होते, लोकांची बोटं खाली करत होते. बुधवारी डब्यांचे फोटो लावताना मी मदतीला बसायचे. काका दोन आठवड्यांच्या रजेवरून परतले, त्यानंतरच्या बुधवारी मला काहीतरी खटकलं. शेवटी नजरच तशी झालीय माझी. रजेआधीपर्यंत डब्यात घडीच्या पोळ्या होत्या, एकसारख्या. या सोमवारी पोळी एका बाजूनं करपलेली होती. मंगळवारी पोळीच नव्हती, भात होता, वर कच्चा कांदा. बुधवारी चिवडा. रिकाम्या डब्यांचे फोटो मात्र सगळे ओके.

“काका, काय झालं?”

काकांनी पडद्यावरच्या करपलेल्या पोळीवर बोट ठेवलं. बोट! काकांनी!

मी म्हटलं, “बोट काय दाखवताय? तोंडानं सांगा की.”

मग सांगितलं. काकू पुतणीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या. तिथं अंगणात घसरल्या, कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आता काळेवाडीचे तीन जिने त्यांच्यानं चढवणार नाहीत. म्हणून त्या गावीच आहेत, भावजय करते सगळं. “पण भावजय म्हणती, ही जेवत न्हाई. ताट वाढलं की म्हणती, भूक न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडती.”

ज्या नोकरीसाठी आम्ही इतका आटापिटा केला, ती काकांनी त्याच आठवड्यात सोडली, काकूंपाशी गावी राहायला. शेठ म्हणाले, “तुमची जागा ठिवतो मी,” आणि पंख्याकडे बघत राहिले. सगळ्यांनी मिळून काकांना एक टचचा फोन दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. “ह्याला बोटच दाखवावं लागतंय की,” म्हणाले. पण घेतला.

लॅपटॉप ते इथंच ठेवून गेले. पाठीमागच्या ब्रॅकेटवर एक कागद चिकटवलाय, त्यांच्या अक्षरात. फोटो दाखवायला काय टाइप करायचं. फिरवायला कुठलं बटण. बंद करायला क्यू. आणि सर्वांत खाली, ‘घाबरू नका.’

मला त्यांची फार आठवण यायची, खरंच सांगते. शेडमध्ये आता कुणी कशालाही बोट दाखवलं तरी चालत होतं, आणि ते मला सहन व्हायचं नाही.

पहिल्या बुधवारी माझ्या फोनवर एक फोटो आला. दोन ताटं, शेजारी शेजारी, दोन्ही रिकामी. खाली मजकूर काही नाही. मी अंगठा पाठवला, सगळे पाठवतात तसा. लगेच उत्तर, ‘अंगठा काय दाखवायलाव? तोंडानं सांगा.’

मग मी लिहिलं, ‘दोन्ही ताटं ओके. काकूंच्या ताटात कढीपत्ता आहे, तो चालतो.’

असं दर बुधवारी चालू झालं. काका करतात, काकू जेवतात आणि मी तपासते. एकदा भाकरीचा तुकडा होता, मी एनजी दिला. त्यावर काकूंचा पत्ता नाही, पण काकांचा निरोप आला की मंडळी रागावलीय आणि तुकडा आत्ता खाल्लाय.

मागच्या बुधवारी फोटो आला. ताट एकच होतं.

मी फोटो मोठा केला. चटईवर एक रिकामं ताट, बाजूला काही नाही. कुणाचं ताट? आणि दुसरं कुणी वाढून घेतलं नाही? पुन्हा कुणी भिंतीकडे तोंड करून बसलं का? मी वेल्डची वही तशीच टाकून बाहेर गेले आणि फोन लावला.

“काका, ताट एकच का आहे?”

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

“काका! सांगा ना तोंडानं!”

“काय न्हाई. ती म्हणाली, एकटीला घास उतरत न्हाई. म्हणून...” ते थांबले. “एकाच ताटात जेवलो.”

मागून काकूंचा आवाज आला, चांगला खणखणीत. “अवो, पोरीला काय सांगायलाव! ठेवा फोन!”

फोन बंद झाला. मी गेटपाशी वडापावच्या गाडीजवळ उभी राहून हसत होते आणि डोळेही पुसत होते. गाडीवाल्याला वाटलं, तिखट लागलं.

आत येऊन मी तो फोटो लॅपटॉपवर घेतला. कागद बघून तीन अक्षरं टाइप केली, पुढे फोटोचं नाव म्हणून तारीख, एंटर. काळ्या पडद्यावर ते ताट उघडलं, काठापासून काठापर्यंत. ते ओकेत ठेवलं, डब्यांच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, सूचनेप्रमाणे. स्टेशन दोनवरचे सगळे मागे येऊन उभे राहिले. फोटो आडवाच होता. फिरवायचं बटण मला माहीत आहे, पण मी दाबलं नाही.

ताट गोल होतं, मान वाकडी करायची काही गरज नव्हती. तरी सगळ्यांनी केली.